खंडेनवमीचा विसावा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्षालीनं भोसरीतल्या प्रयोगशाळेचं दार उघडलं, तर फ्रीझरच्या कपाळी हळदीकुंकू, गळ्यात झेंडूची माळ, आणि वायर नीट गुंडाळून वर ठेवलेली. आत बोटभर पाणी.

त्या पाण्यात तिच्या कुप्या पडल्या होत्या. कुप्यांत होतं गाईच्या अंगात आपोआप होणारं एक प्रथिन, सायटोकाइन. हे मात्र जिवाणूंकडून घडवून घेतलेलं, नऊ आठवडे वाट पाहून परदेशातून आलेलं. पेशींना 'उठा, वाढा' म्हणून हाक घालायची, एवढंच त्याचं काम. चाकणकडच्या गाईंच्या पेशी त्या हाकेला ओ देतात का, हे वर्षाली दोन वर्षं शोधत होती. शेवटची चाचणी तेवढी उरली होती आणि महिनाअखेर प्रकल्प बंद होणार होता.

"कुशामावशी, हा बंद कुणी केला?"

"म्या," झाडू थांबवत कुशाबाई म्हणाली. "खंडेनवमी न्हवती व्हय? सायेबच म्हनलं, समद्या मशिनी बंद करा, पुसा, हार घाला. शेजारच्या वर्कशॉपात लोखंड कातायची लेथसुदीक इसाव्याला व्हती."

"अगं मावशी, लेथ नासत नाही!"

"मंग ह्ये नासलं?" कुशाबाईचा चेहरा पडला. "आमी काय येगळं केलं गं, पोरी?"

वेगळं काहीच नाही. या पेटीला सणाची सुट्टी नसते, हे दोन वर्षांत वर्षालीनंच कधी सांगितलं नव्हतं. राग नेऊन ठेवायला जागाच उरली नाही.

तरी तिनं चाचणी लावली. चौथ्या दिवशी पाहिलं, तर पेशी होत्या तिथंच, गप्प. पडताळणीसाठी वाढीचं दुसरं, खात्रीचं औषध घातलेल्या शेजारच्या वाटीत मात्र त्याच पेशी भराभरा वाढल्या होत्या.

"लिहून टाक, प्रतिसाद नाही," प्रयोगशाळेचे प्रमुख लक्ष्मणराव सर म्हणाले. "अहवाल तर जाईल."

"सर, पेशी बहिऱ्या नाहीत हो. हाक मारणाराच मुका झालाय."

"कविता पुरे. नवी कुपी यायला दोन महिने. तोवर तू असशील इथं?"

ती जागेवर येऊन बसली. 'प्रतिसाद नाही' असं टाइप केलं. खोडलं. पुन्हा केलं, पुन्हा खोडलं. शेवटी लिहिलं : 'सुट्टीत फ्रीझर बंद राहिल्यानं प्रथिन निकामी. निष्कर्ष काढता येत नाही.' कुशाबाईचं नाव कुठंच घातलं नाही. दोन वर्षांची मेहनत दीड ओळीत संपली.

अहवाल पाठवला. लगेच तिचा फोन वाजू लागला, सरांचा. तिनं तो वाजू दिला.