नितळबाबांच्या बाटल्या

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात सकाळी आठालाच पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वी जिथे बर्फाच्या लाद्या रचत, तिथे आता माणसं रचल्यासारखी बसली होती. समोर लांबलचक टेबल, त्यामागे उंच खिडकी आणि टेबलावर काचेच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीवर नंबराची चिठ्ठी आणि आत, सांगायला संकोच कसला, माणसांची लघवी. डावीकडच्या बाटल्या लालभडक, उजवीकडच्या फिकट नितळ. खिडकीतून ऊन आलं की डावी बाजू पेटल्यासारखी दिसायची आणि लोक हात जोडायचे. लघवीला हात जोडणारी माणसं दाराशी उभ्या असलेल्या दवाखान्यातल्या सिस्टरने आजवर पाहिली नव्हती, आणि अठरा वर्षांच्या नोकरीत तिने बरंच काही पाहिलं होतं.

"हे काय आहे?" नितळबाबांनी एक लाल बाटली उंच धरली. जटा नाहीत, भस्म नाही, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. "रक्त! दवाखान्याची गोळी निघाली छातीतला किडा मारायला, आणि वाटेत तुमचं रक्तच वितळवून बसली. किडा राहिला छातीत, रक्त आलं बाटलीत! आता तीन दिवस माझं पाणी प्यायचं. तीन दिवस गोळीला हात लावायचा नाही. गोळी आणि पाणी एका पोटात नांदत नाहीत. पाणी रुसतं! आणि चौथ्या दिवशी?"

त्यांनी दुसरी बाटली उचलली.

"नितळ!" सगळा कारखाना ओरडला.

बाबांचं पाणी फार लवकर रुसायचं. कोणाची बाटली नितळ झाली तर पाण्याचा प्रताप, नाही झाली तर पाणी रुसलं, म्हणजे पाण्याची बाजू नेहमीच भक्कम. आत्ताही एका लाँड्रीवालीची पाळी होती. तिच्या नवऱ्याची बाटली दोन महिने झाले तरी लालच. बाबांनी तिला चारचौघांत फैलावर घेतलं. श्रद्धा कमी, मन चंचल, घरात वाद. ती बिचारी मान खाली घालून ऐकत होती.

सिस्टर गर्दीत वाट काढत होती. छातीच्या दवाखान्यात क्षयाच्या गोळ्यांची खिडकी तिच्याकडे होती. खिडकीपुढची रांग गेले दोन महिने रोडावत चालली होती, हे तिला दिसत होतं. पण आज ती रांगेसाठी आली नव्हती. सकाळी घरातला नळ गळायला लागला म्हणून तिने धाकट्या भावाची हत्यारांची पेटी उघडली, तर पकडीखाली गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. एक नाही, दोन नाही, सतरा. तिनेच खिडकीतून त्याच्यासाठी आणलेल्या. भाऊ मोटार वायंडिंगच्या दुकानात कामाला. तिथे धावत गेली तर मालक म्हणाला, "तो? आज बाबांकडे बोलायचंय म्हणून सुट्टी घेतलीय त्याने."

आणि तो खरंच पुढे उभा होता. सव्वीस वर्षांचा, गळ्याची हाडं वर आलेला.

"मला तर गोळ्यांनी अन्न जाईना," तो लोकांना सांगत होता. "सारखी मळमळ. पाणी सुरू केलं आणि भूक लागायला लागली!"

लागणारच, सिस्टरच्या मनात आलं. मळमळ गोळ्यांची होती, गोळी सुटली, मळमळ सुटली. ती लोकांचे खांदे बाजूला सारत पुढे घुसली.

"ताई? तू इथे कशी?"

"गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

तो बाबांकडे बघत राहिला. सिस्टर गर्दीकडे वळली. "अहो, ते रक्त नाही! त्या गोळीचाच रंग आहे तो. औषध लाल आहे म्हणून लघवी लाल होते. औषध बंद केलं की लाली एकदोन दिवसांत उतरते. रोग नाही उतरत!"

बाबा गोड हसले. "ऐकलंत? पकडले गेले की रक्ताचा रंग होतो."

लोक खो खो हसले. बाबांच्या एका माणसाने सिस्टरचा दंड धरला. पण तिला थांबवलं ते त्याने नाही, मघाच्या लाँड्रीवालीने.

"सिस्टर, रंगच होता तर आधी का नाही सांगितलंत? माझ्या नवऱ्याच्या गोळ्या तुमच्याच हातून घेतल्या मी. 'रोज घ्या, उपाशीपोटी घ्या, सोडू नका, पुढे!' त्यातलं 'पुढे' तेवढं नीट ऐकू आलं."

बाई खरं बोलत होती. नोकरीच्या सुरुवातीला सिस्टर प्रत्येकाला समोर बसवून सगळं सांगायची. मग रांग वाढली, हात दोनच राहिले, आणि सांगण्यातलं शेवटचं वाक्य गळालं. लघवी लाल होईल, घाबरू नका. म्हणायला किती वेळ लागतो?

भाऊ तिच्याबरोबर घरी आला नाही.

पाचव्या दिवशी दुकानातल्या बाकावर मोटारीला तार गुंडाळताना त्याला ठसका लागला आणि तोंडातून रक्त आलं. हे मात्र खरं रक्त होतं. मालकाने त्याला रिक्षात घालून वॉर्डात आणलं. सिस्टरने खाटेवरची चादर दोनदा बदलली.

"मला का नाही विचारलंस?" तो जरा शांत झाल्यावर ती म्हणाली.

"तुला? लघवीचं?" त्याने भिंतीकडे तोंड केलं. "बारा वर्षांनी मोठी तू. लाज वाटली, ताई. पहिल्या दिवशी बघितलं आणि हातपाय गार पडले. वाटलं, आतून सडलो मी. कोणीतरी बाबांचं नाव सांगितलं. तिथे सगळ्यांच्या बाटल्या उघड्यावर, मग लाज कसली?"

"आणि गोळ्या पूर्ण सोडल्यास?"

"नाही ना. खोकला वाढला की भीती वाटायची, मग दोन दिवस घ्यायचो. लाल झाली की पुन्हा बंद. बाबांना बाटली दाखवायच्या आधी तर बंदच." त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तू काहीच म्हणाली नव्हतीस. डबा फळीवर ठेवलास आणि म्हणालीस, डोळे झाकून घे."

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. खिडकीवरच्या परक्या माणसाला निदान अर्धं तरी सांगत होती. घरच्याला कशाला सांगायचं, घरचाच तर आहे!

डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावलं. "कधी घेतली, कधी सोडली, हे सर्वांत वाईट. जंतू अर्धवट मार खाऊन शहाणे होतात. बेडका तपासायला पाठवलाय. ही औषधं आता चालतील की नाही, ते कळायला थोडे दिवस लागतील."

औषधांच्या खोलीत जाऊन सिस्टरने दार लोटलं आणि खोक्यांमध्ये बसून ती तोंडात पदर कोंबून रडली. आपण अठरा वर्षं काय केलं? गोळ्या मोजून दिल्या. मोजायला तर यंत्रही येतं.

खिडकीवर टकटक झाली. लाँड्रीवाली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली आणि एक बनियन.

"सिस्टर, रागावू नका. एक कबूल करायचंय. मी नवऱ्याची गोळी कधी बंदच केली नाही."

"काय?"

"बाबांचं पाणीही पाजते आणि चोरून गोळीही देते. म्हटलं, दोन्हीकडून गुण आला तर बरंच. बाबांना सांगायची छाती झाली नाही. म्हणून आमची बाटली लालच्या लाल, आणि शिव्या मला." तिने बनियन उलगडून काखेतला केशरी डाग दाखवला. "तुम्ही रंग म्हणालात, तेव्हापासून डोक्यात घोळतंय. वीस वर्षं मी लोकांचे डाग काढते. रक्ताचा डाग वाळला की तपकिरी होतो. हा दोन महिने झाले, केशरीचा केशरी. हे रक्त नव्हे!"

"घामातही उतरतो तो. डोळ्यांतल्या पाण्यातही." सिस्टर उठून उभी राहिली. "नवरा कसा आहे?"

"खोकला गेला. वजन चार किलोने वाढलंय."

सिस्टरने तिचा हात घट्ट धरला. "उद्या सकाळी माझ्याबरोबर येणार? तिथे सगळ्यांसमोर बोलावं लागेल."

"शिव्या सगळ्यांसमोरच खाल्ल्यात मी," लाँड्रीवाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बर्फाचा कारखाना तसाच भरलेला, ऊन तसंच, बाटल्या तशाच. बाबांनी सिस्टरला पाहिलं आणि लोकांकडे बघून हात पसरले. "आलात? भाऊ आजारी पडला म्हणे. पाणी अर्ध्यात सोडलं की असंच होतं!"

सिस्टरने ओठ चावला. "बाबा, तहान लागलीय. तुमचं पेलाभर पाणी द्याल?"

एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? पेला आला. सिस्टरने तो खिडकीत उन्हात ठेवला, भावाच्या पेटीतली एक कॅप्सूल काढली, सर्वांना दाखवली, दोन्ही टोकं पिळून उघडली आणि आतली विटकरी भुकटी पेल्यात सोडून ढवळली. पाणी बघता बघता केशरी झालं, मग लाल. डावीकडच्या बाटल्यांसारखंच.

"हे पाणी अजून कोणाच्या पोटात गेलेलं नाही," ती म्हणाली. "मग यात रक्त कुठून आलं?"

मग ती बाबांकडे वळली.

"बाबा, तुमचं पाणी लाली काढतं ना? हे तर तुमचंच पाणी. काढा यातली लाली. तीन दिवस थांबायची आमची तयारी आहे, पेला इथेच राहू द्या."

"अश्रद्ध हाताने ढवळलेलं पाणी..." बाबांनी सुरुवात केली.

"रुसलं?" मागून कोणीतरी विचारलं, आणि पहिल्यांदाच हसू बाबांच्या अंगावर गेलं.

लाँड्रीवाली टेबलाजवळ गेली. तिने आपली लाल बाटली नितळ बाटल्यांच्या मधोमध ठेवली. "माझ्या नवऱ्याने बाबांचं पाणी एक दिवस चुकवलं नाही. पण मी त्याला चोरून गोळीही देत होते. त्याची बाटली लाल. तुम्ही सगळ्यांनी पाणीही घेतलं आणि गोळी सोडलीत. तुमच्या नितळ. मग मला सांगा, लाली घालवली कोणी? पाण्याने, की गोळी सोडल्याने?"

कोपऱ्यातला नळ टिपटिप गळत होता. त्याच्याकडे बोट दाखवून एक म्हातारा हळूच म्हणाला, "म्हणजे मी गोळी सोडून या नळाचं पाणी प्यालो असतो तरी..."

"तरी नितळच झाली असती, काका," सिस्टर म्हणाली. "एवढीच त्यांची विद्या. गोळी सोडायला लावायची आणि तिचा रंग गेला की टाळ्या घ्यायच्या. बाटली साफ होते. छाती नाही होत."

"मग हिने तेव्हाच का नाही सांगितलं, विचारा ना!" बाबा ओरडले. आता त्यांच्या सदऱ्याची इस्त्री मोडली होती.

"बरोबर आहे त्यांचं," सिस्टर म्हणाली. लोक चमकून बघू लागले. "चूक माझी आहे. मी गोळ्या दिल्या, पण गोळी काय करते ते सांगितलं नाही. तुम्ही घाबरलात, आणि तुमच्या भीतीवर यांनी दुकान थाटलं. आज सांगते. लघवी लाल होईल, घाम केशरी होईल. घाबरू नका. औषध अंगात पोचल्याची खूण आहे ती. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी माझ्याकडे या. औषध बदलायचं की थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने एक दिवसही सोडू नका."

"आता पुन्हा सुरू केलं तर बरे होऊ ना आम्ही?" म्हाताऱ्याने विचारलं.

तिला 'हो' म्हणायचं होतं. तिच्या डोळ्यांपुढे भावाची चादर आली. "बरेचसे व्हाल," ती म्हणाली. "सगळे व्हाल, असं मी म्हणणार नाही. खोटं सांगायला इथे दुसरा माणूस होता."

कोणी बाबांना मारलं नाही, की आकाशातून वीज पडली नाही. लोक उठले, आपापल्या नंबराची बाटली शोधून घेतली आणि लाजल्यासारखे बाहेर पडले. काही तिथेच बसून राहिले. माणसाला आपण फसलो हे कबूल करण्यापेक्षा आजारी राहणं सोपं वाटतं. आठवड्याभरात बाबा नाहीसे झाले. ते दुसऱ्या कुठल्या बंद कारखान्यात बाटल्या मांडतील, यात शंका नको. त्यांना अडवायला पोलीस लागतीलच, पण त्याआधी एक वाक्य लागतं, आणि ते औषध देणाऱ्याच्या तोंडून वेळेवर यावं लागतं. घेणाऱ्यानेही तोंड उघडावं. अंगात काही विचित्र दिसलं तर लाज गुंडाळून ठेवावी आणि ज्याने औषध दिलं त्यालाच आधी विचारावं. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारावं. चमत्काराला प्रश्न चालत नाहीत, औषधाला चालतात.

तपासणीचा निकाल आला. जुन्या गोळ्यांना भावाचे जंतू आता दाद देत नव्हते. नवीन औषधं, जास्त कडक, आणि भरवसा पहिल्याइतका नाही. डॉक्टरांनी सिस्टरपासून काही लपवलं नाही.

ती गोळ्या घेऊन खाटेशी आली. पण त्या हातावर ठेवण्याआधी तिने स्टूल ओढलं आणि भावासमोर बसली, अनोळखी पेशंटसमोर बसावं तशी. कुठली गोळी कशासाठी, कुठली जेवणानंतर, सगळं सांगितलं. पायांना मुंग्या आल्या किंवा नजर अंधुक झाली तर लगेच सांगायचं, वाट बघायची नाही. तो ऐकत होता.

"ताई, एक विचारू?" तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "यातल्या कशाने काही... रंग होतो का?"

"होतो. या गोळीने कातडी काळवंडते. काही महिने तशीच राहील. लोक बघतील, विचारतील."

"मग काय सांगायचं?"

"गोळीचा रंग आहे म्हणायचं," ती म्हणाली. "आणि त्यांनी आणखी विचारलं तर सगळं सांगायचं."

त्याने हात पुढे केला. तिने एकेक गोळी नाव घेऊन त्याच्या तळहातावर ठेवली, आणि त्याने ती डोळे उघडे ठेवून गिळली.