घरचं माणूस चालत नाही

वजनमापं तपासणाऱ्या माणसाला गावात मित्र नसतात, हे त्याला नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच कळायला हवं होतं. कळलं पन्नाशीला टेकल्यावर, आणि तेही भर सभेत.

तोवर त्याचा ठाम समज, की लोक आपल्याला मानतात. तो दुकानात शिरला की दुकानदार उठून उभे राहायचे, तराजूवरची धूळ पुसायचे, स्वतःची खुर्ची द्यायचे. याला आदर म्हणतात, असं तो धरून चालला होता. आता कुणी त्याला त्या दिवसांबद्दल विचारलं तर तो म्हणतो, "दगड होतो हो मी, नुसता दगड. वर सरकारी शिक्का होता, एवढंच."

नोकरीबाहेर त्याचा जीव की प्राण म्हणजे मुलामुलींचं डोंगरपथक. दर रविवारी अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी, आणि मागे पोरांची रांग. पोरं तोंडावर 'सर' म्हणायची आणि पाठीमागे 'शिट्टी'. पाठीमागचं नाव त्याला ठाऊक होतं आणि आवडायचंही, पण आवडतं असं दाखवलं तर शिस्त बिघडेल म्हणून तो कपाळाला आठ्या घालायचा. पथकाचा कारभार तिघांकडे होता. दातांचे डॉक्टर अध्यक्ष, शाळेच्या मुख्याध्यापिका सचिव, आणि नियम लिहायला हा. नियम लिहिण्याची त्याला भारी हौस. शिबिरात चहात साखर किती घालावी, याचाही नियम होता.

शिबिराला मुलांची तुकडी तो स्वतः न्यायचा. त्या वर्षी मुलींच्या तुकडीला नेणाऱ्या आजी गुडघे धरून बसल्या. मुलींचं शिबिर अडलं. त्याची लेक त्याच तुकडीत, आणि वयाच्या नियमानं तिचं हे शेवटचं शिबिर. (तो नियमही यानंच लिहिलेला, सांगायला नको.) पोरीनं वर्षभर तोच एक जप लावला होता. अशा वेळी सायकल दुरुस्त करणारी बाई पुढे आली आणि म्हणाली, "मी नेते मुलींना." मुलींनी तिला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. तिच्या दुकानात बसून अर्ध्या मुली पंक्चर काढायला शिकल्या होत्या, त्याची लेकही.

आता अडचण अशी, की सायकलवाली एका नर्सबरोबर राहत होती. खोली वाटून घेतलेल्या मैत्रिणींसारखी नव्हे. दोघींचा संसार होता, चांगला जुना, भांडणांसकट. साऱ्या गावाला माहीत होतं आणि सारं गाव त्यावर चूप होतं. ती तिचं दुकान सांभाळत होती तोवर कुणाचं पोट दुखलं नाही. ती मुलींना डोंगरात नेणार म्हटल्यावर मात्र दात दाखवायला आलेल्या दोन-तीन पालकांनी चूळ भरता भरता विषय काढला. "डॉक्टर, पोरींवर काय संस्कार होणार?"

डॉक्टर घाबरले. अक्कलदाढ उपटताना त्यांचा हात कधी थरथरला नाही, पण पालक म्हटलं की त्यांचे पाय लटपटायचे. ते याला म्हणाले, "काहीतरी करा बुवा. पण तसं म्हणू नका."

तसं न म्हणता तसंच करायचं, यात आपल्या तपासनीसाचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं एका बैठकीत नियम लिहून काढला. पथकाच्या प्रत्येक प्रमुखानं, मग तो नवा असो की जुना, दोन जामीन आणावेत. त्यांनी जाहीर सभेत उभं राहून 'या व्यक्तीच्या चारित्र्याला मी जामीन आहे' असं म्हणावं. जामीन नातेवाईक नसावा. दोन जामीन नाहीत, तर शिबिराला जाता येणार नाही. 'नवा असो की जुना' हे शब्द त्यानं खास घातले, म्हणजे नियम त्या बाईवर रोखलाय असं म्हणायची कुणाची टाप नाही. तिच्यासाठी चारचौघांत कोण उभं राहणार? ती आपली गुपचूप मागे सरेल, आपल्याला एक शब्दही उच्चारावा लागणार नाही. या अकलेबद्दल त्यानं स्वतःची पाठ थोपटली. बिचाऱ्याचा हात पाठीपर्यंत पोचत होता, हेच दुर्दैव.

वाईट वाटलं नाही असं नाही. बाई भली होती, हे त्यालाही दिसत होतं. पण 'नियम म्हणजे नियम' असं एकदा मनात म्हटलं, की त्याचं वाईट वाटणं थांबायचं.

घरी लेकीनं विचारलं, "बाबा, हा नियम तू केलास?"

"समितीनं केला."

"समितीत नियम कोण लिहितं?"

त्यानं भाजीत लक्ष घातलं. झालं. त्या दिवसापासून पोरीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. जेवायला बसली की आईला म्हणायची, "आई, त्यांना सांग, पाण्याचा जग इकडे सरकवायला." बाकी सगळं त्यानं सोसलं असतं, पण ते 'त्यांना' त्याला फार लागलं. लेकीनं उभ्या जन्मात त्याला अहो-जाहो केलं नव्हतं.

"मधल्यामध्ये माझा टेलिफोन करू नका तुम्ही दोघं," बायको म्हणाली. "आणि अहो, तुमचे जामीन कोण?"

"माझे? माझ्यासाठी रांग लागेल."

बायको हसायला लागली. इतकी हसली, की तिला हातातलं पातेलं खाली ठेवावं लागलं.

रांग शोधायला तो दुसऱ्या दिवशी निघाला. पहिला किराणावाला. तो नेहमीप्रमाणे उठला, खुर्ची दिली.

"म्हणजे साहेब, सभेत उभं राहून तुमच्याबद्दल बोलायचं?"

"हो."

"खरं बोलायचं ना?"

"अर्थात!"

"मग नको साहेब," किराणावाला कळवळून म्हणाला आणि तराजू पुसायला लागला.

दुसरा शेजारी. जिन्यात चपलांचं कपाट ठेवलं म्हणून यानं त्याच्याविरुद्ध सोसायटीत अर्ज दिला होता. शेजाऱ्यानं बराच विचार केला. "तुमच्या चारित्र्याला नाव ठेवायला जागा नाही. पण काय आहे, जामीन राहायचं तर माणूस थोडाफार आवडावा लागतो हो."

तिसरा कचेरीतला सहकारी. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्या दिवशी माझं पोट दुखणार आहे."

"अरे, सभा पुढच्या रविवारी आहे!"

"हो, रविवारीच."

घरी परतताना तो मनात हिशेब मांडत होता. इतकी वर्षं आपण या गावात राहिलो, कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणाला एक ग्रॅम सूट दिली नाही, आणि आपल्यासाठी दोन माणसं उभी राहायला तयार नाहीत? आधी त्याला गावाचा राग आला. कोपऱ्यापर्यंत तो टिकला. पुढे राग ओसरला आणि भीती वाटायला लागली. लेकीचं शेवटचं शिबिर, आणि आपण तिथे नसणार.

कोपऱ्यावर सायकलवालीचं दुकान होतं. ती चाक फिरवून त्याचा बाक बघत होती. याला बघून म्हणाली, "काय साहेब, हवा भरायची?"

"मी चालत आलोय."

"ते दिसतंय. पण चेहरा पंक्चर झालाय म्हणून विचारलं." मग तिनं चाक थांबवलं. "मिळाले जामीन?"

"बघतोय."

"मी पण," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिनं त्याला स्टूल पुढे केलं. या स्टुलावर बसलो तर आपण सगळं बोलून बसू, असं त्याला वाटलं, म्हणून तो काहीतरी पुटपुटून तिथून सटकला. शूर माणूस!

रविवारी शाळेचं सभागृह भरलं. पालक, पोरं, दुकानदार, यायचं कारण नसलेले सुद्धा. नवे आधी, म्हणून सायकलवालीला उभं केलं. तिनं स्वच्छ सदरा घातला होता, पण बोटांचं ग्रीस निघालं नव्हतं.

"पहिला जामीन?" डॉक्टरांनी विचारलं.

उठला कोण, तर किराणावाला! "माझी पोरगी घाबरट होती. हिनं तिला सायकल शिकवली, आता ती मलाच घाबरवते. मी जामीन आहे." लोक हसले. तपासनीसानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो पठ्ठ्या छताकडे बघत होता.

"दुसरा?"

नर्स उठली. रात्रपाळी संपवून तशीच आली होती, अंगावर गणवेश. "मी जामीन आहे," ती म्हणाली.

डॉक्टर पाणी प्यायले. पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. हरकत घ्यायची तर ती नर्स हिची कोण, हे तोंडानं बोलावं लागणार, आणि तेच तर कुणाला नको होतं. सगळे चूप बसले असते, तर प्रकरण तिथंच मिटलं असतं.

पण आमचा नियमवाला कसा बसणार चूप? डोक्याच्या आधी त्याचे पाय उठले.

"हरकत! नातेवाईक चालत नाही!"

"मी नातेवाईक नाही," नर्स शांतपणे म्हणाली. "कुठल्याच कागदावर नाही."

"कागदाचं काय सांगता?" तो कडाडला. आता त्याला थांबवणं देवाच्याही हातात नव्हतं. "तुमची चूल एक, कुलूप एक! यांना ताप आला की रजा तुम्ही काढता. तुम्हाला पाळीवरून उशीर झाला की या दुकान बंद करून इस्पितळाच्या फाटकाशी उभ्या राहतात, सारं गाव बघतं! याला नातं म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं? तुम्ही यांच्या घरचं माणूस आहात, आणि घरचं माणूस चालत नाही!"

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. जे एक वाक्य कुणाला उच्चारावं लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप केला, ते यानं ठणठणीत आवाजात साऱ्या गावाला ऐकवलं होतं.

सायकलवाली शिव्या खायच्या तयारीनं आली होती, ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. ते खांदे खाली आले. तिनं नर्सकडे पाहिलं. नर्सचे डोळे भरले होते. डोळे पुसून ती मुख्याध्यापिकांना म्हणाली, "बाई, हे सभेच्या नोंदीत घ्याल?"

"घेतलं," बाई म्हणाल्या. "शब्द न शब्द. आणि प्रमुखांच्या घरच्यांना शिबिरात मदतीला राहता येतं, असा जुना नियम आहे. तोही यांचाच. म्हणजे औषधपाण्याची सोय झाली." बाईंनी पान उलटलं. "हरकत मान्य. दुसरा जामीन?"

खुर्च्या सरकल्याचा एकच आवाज झाला. निम्मं सभागृह उभं होतं. त्यात जिन्यात कपाट ठेवणारा शेजारी होता. पोट दुखणारा सहकारीही होता, अगदी खणखणीत. चूळ भरता भरता संस्कारांची काळजी करणाऱ्यांपैकी एकाला बायकोनं चिमटा काढला, तसा तोही अर्धवट उठला. डॉक्टरांनी उभ्या असलेल्या पेशंटांवर नजर फिरवली आणि सुटकेचा श्वास टाकत म्हणाले, "मंजूर, मंजूर."

"आता जुने प्रमुख," बाई म्हणाल्या.

तो उभा राहिला.

"तुमचे जामीन?"

मघाशी सरकलेल्या खुर्च्या आता जमिनीला चिकटल्या होत्या. किराणावाल्याला बुटाच्या नाडीची गाठ आठवली. सहकाऱ्यानं पोटावर हात ठेवला. तपासनीसाला लाज वाटली, कान गरम होईपर्यंत लाज वाटली. हे सगळं आपण आपल्याच हातानं, सुवाच्य अक्षरात मांडून ठेवलंय, हे कळून ती आणखी वाटली.

तेवढ्यात पोरांच्या रांगेतून एक खुर्ची वाजली.

"मी आहे जामीन." त्याची लेक उभी होती. आवाज थेट त्याच्यासारखा, सभागृहाच्या पार मागच्या भिंतीपर्यंत जाणारा. "माझा बाबा खडूस आहे. नियम करतो आणि स्वतःच त्यात पाय अडकून पडतो. पण त्याला खोटं बोलता येत नाही. खूप प्रयत्न करतो, पण ऐन वेळी खरंच बाहेर पडतं. आत्ता तुम्ही बघितलंत. मी त्याला जामीन आहे."

इतक्या दिवसांनी ती 'माझा बाबा' म्हणाली होती. या दोन शब्दांसाठी त्यानं गळ्यातली शिट्टी, नोकरी, सगळं देऊन टाकलं असतं.

डॉक्टर मनानं वाईट नव्हते, शिवाय त्यांना घरी जायचं होतं. "चला, एक जामीन मिळाला," ते घाईघाईनं म्हणाले. "दुसऱ्याचं मी बघतो. कुणाची हरकत आहे का?"

कुणाचीच नव्हती. सायकलवाली तर मान हलवून त्याला 'बसा आता, बसा' म्हणून खुणावत होती. त्यानं फक्त तोंड मिटून खाली बसायचं होतं. शिबिर, डोंगर, लेकीचं शेवटचं वर्ष, सगळं त्याचं होतं.

"माझी आहे हरकत," तो म्हणाला.

"अहो!" मागून बायको ओरडली.

"चालत नाही, डॉक्टर." त्याचा आवाज फाटला. त्यानं लेकीकडे बोट केलं आणि ते बोट खाली घ्यायचंच विसरला. "घरचं माणूस आहे ती. माझ्या घरचं माणूस आहे."

डॉक्टरांनी मान हलवली, बाईंनी नोंद केली. दोन्ही तुकड्या सायकलवालीच नेईल, असं ठरलं. त्यानं गळ्यातली शिट्टी काढली, पण ती कुणाकडे द्यायची ते त्याला कळेना, कारण डोळ्यांपुढचं काही धड दिसत नव्हतं. रांगा ओलांडत लेक त्याच्यापर्यंत आली आणि तिनं त्याच्यापुढे हात केला.

"दे इकडे," ती म्हणाली. "आणि बाबा, रडू नकोस ना, सगळे बघतायत."