सवतीचं कपाट

कोकिळा झरीला नांदायला आली, तेव्हा तिच्या आधी त्या घरात एक बाई नांदून गेली होती. गेली होती, पण म्हणावी तशी गेली नव्हती. धुरपदा तिचं नाव. पंडितची पहिली बायको. काविळीनं गेली, मागं मूलबाळ नव्हतं. वर्ष सरलं आणि सासूनं, कस्तुराबाईनं, राणीसावरगावची कोकिळा करून आणली.

दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायची रीत. तसा तो कोकिळेच्याही गळ्यात आला. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक बाई. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, सणाचं गोड आधी टाकाला दाखवायचं. कोकिळेनं सगळं बिनबोभाट केलं. गळ्यातली सवत तिला कधी जड झाली नाही. जड झाली ती फळीवरची.

सासऱ्यांनी, आबासाहेबांनी, गावात बी-बियाण्याचं दुकान काढलं होतं. पुढं ते पंडितनं चालवलं आणि लिहिणं सगळं धुरपदेनं. सातवी शिकलेली बाई. अक्षर असं की तिफणीनं सरळ पेरल्यासारखं. कोणी काय बी नेलं, कोणत्या नक्षत्रात पेरलं, उगवलं की नाही, असं सगळं ती लिहायची आणि शेजारी माणसाविषयीही काहीबाही लिहून ठेवायची. त्या वह्यांची चवड दुकानात गादीमागच्या फळीवर होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पंडित एखादी काढायचा, वाचायचा आणि एकटाच गालात हसायचा.

कोकिळा जेवणाचं ताट घेऊन आली की वही मिटायचा.

मिटायचा, तेच तिला टोचायचं. उघडी ठेवली असती तर एवढं टोचलं नसतं. तिची शाळा चौथीत सुटलेली. वाचायला यायचं, पण बोट ठेवून, अडत अडत. तेवढ्या वेळासाठी ती वही कधी तिच्या हाती लागलीच नाही.

मग रुखी झाली. बाळंतिणीच्या खोलीत कस्तुराबाईनं नातीला उजेडात धरून सांगितलं, "धुरपदीच आली बग पोटाला. कान बग की, तसेच हायत."

सासू गेल्यावर कोकिळेनं लेकीचे ते दोन्ही कान पदरानं झाकले आणि विचारलं, "कुनाची गं तू? आं? कुनाची?" रुखीनं उत्तर म्हणून आईच्या गळ्यातला टाक मुठीत धरला आणि दूध प्यायला लागली. पुढं तिला तीच सवय लागली. एका हातात टाक असल्याशिवाय पोरगी पिईना आणि झोपेना.

एकदा पाणी तापवायच्या चुलीपाशी कोकिळेनं एक वही जाळायला म्हणून आणलीही होती. पण तेवढ्यात रुखी रडली, आणि वही पुन्हा फळीवर गेली.

अशात परभणीहून दिनकरराव आले. रिटायर झालेले मास्तर. लूनावरून उतरले, धोतराचा सोगा झटकला आणि दुकानात बसून पाणी मागितलं. त्यांनी चारचौघांच्या मदतीनं परभणीत एक दप्तरखाना काढला होता. घराण्यांचे कागद, दुकानांच्या वह्या, जिनिंगची दप्तरं, भजनी मंडळांची टिपणं असं जे मिळेल ते आणून जपायचं.

"विद्यापीठाच्या नामांतरावरनं जाळपोळ झाली त्याला आता सात-आठ वर्षं झाली," दिनकरराव म्हणाले. "घरं जळाली ती जळालीच, पण माणसांपाशी आपलं असं लिहिलेलं होतं, तेही गेलं. तेव्हापासनं मला चैन नाही. तुमच्या वह्यांचं कानावर आलं म्हणून आलो."

"घरगुती वह्या हायत ओ त्या," पंडित म्हणाला. "त्याच्यात काय ऱ्हायलंय?"

"घरगुतीच पाहिजेत. सरकारी कागद सरकार सांभाळतं. घरचं कोण सांभाळणार?"

पंडितनं फळीकडं बघितलं. द्यायचं त्याच्या मनात नव्हतं, हे दाराआड उभ्या कोकिळेला दिसत होतं. तिच्या डोक्यात लखकन उजेड पडला. जाळायला कशाला पाहिजे? घरातून जातेच आहे की.

"देऊन टाका की," ती आतून म्हणाली. "न्हाईतरी वाळवी लागायलीय."

"वाळवी? कुटं?"

"मागल्या बाजूनं. मी बगितली."

वाळवी तिनं बघितली नव्हती. पण वाळवीचं नाव ऐकून पंडितचा चेहरा असा उतरला की, बायकोला ताप आलाय म्हटल्यावर कधी तेवढा उतरला नव्हता. त्याच आठवड्यात वह्या धुतलेल्या धोतरात बांधून टेम्पोनं परभणीला गेल्या. कोकिळेनं फळी ओल्या फडक्यानं पुसली आणि तिथं रुखीची दुपटी घडी करून ठेवली. त्या दिवशी तिच्या हातची वरणफळं अशी झाली, की सासूनं मागून खाल्ली.

हे सुख सोमवारपर्यंत टिकलं.

सोमवारी पंडित परभणीच्या मोंढ्यात, घाऊक बाजारात, माल बघायला जायचा आणि दुपारच्या बसनं परतायचा. त्या सोमवारी दिवे लागल्यावर आला. पुढच्याही. कोकिळेनं सदरा धुवायला घेतला, तर त्याला डांबरगोळ्यांचा वास.

"कुटं गेलताव?"

"दप्तरखान्यात, जरा. दिनकररावांना आपल्या गावची मानसं कळत न्हाईत. कोन कुनाचा, सांगावं लागतंय."

"एवढा येळ?"

"मानसं लय हायत की."

बोअरवर पाणी भरताना शेजारची बायनाबाई म्हणाली, "का गं कोकिळा, तुजा नवरा परभनीला शाळंत जायलाय म्हनं?"

"जाऊ दे की. तुमच्या मालकाला बी धाडा, पारावर पत्ते खेळन्यापरीस बरं."

बोलायला बोलली, पण घागर अर्धीच भरून ती घरी निघाली. घरात असताना सवत फळीवर तरी होती, डोळ्यापुढं. आता आपणच तिला परभणीत बिऱ्हाड करून दिलं! तिथं ती आणि हा, निवांत. मधे ताट घेऊन जाणारंही कोणी नाही.

पुढच्या सोमवारी पंडितची बस गेल्यावर कोकिळेनं सासूला सांगितलं, "आत्याबाई, रुखीला सुई द्यायची हाय, परभनीला जाऊन येते." आणि लेकीला कडेवर घेऊन मागच्या बसनं निघाली. बसमध्ये तिनं गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातून टाक सोडवला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. ह्याच्यावर आता माझा काय हक्क? ज्या बाईचं सगळं तिकडं गेलं, त्या बाईचा हाही तिकडंच पोचता करायचा, म्हणजे सुटले. गळाही मोकळा आणि घरही मोकळं.

दप्तरखाना म्हणजे स्टेशनामागचं सरकीचं जुनं गोदाम निघालं. वर पत्रे, आत ओळीनं कपाटं. कपाटांवर पट्ट्या लावलेल्या. कोकिळा बोट न लावता नुसत्या नजरेनं अडत अडत वाचत गेली, आणि चौथ्या-पाचव्या पट्टीशी थांबली. धुरपदाबाई पंडितराव, बियाणे दुकान, झरी.

पट्टीवर रंगानं नाव! कोकिळेचं नाव रेशनकार्डावर होतं, तेही सासूच्या खाली.

पलीकडच्या खोलीत खिडकीपाशी पंडित पाठमोरा बसला होता. समोर वही. त्याचे खांदे हसण्यानं हलत होते. तिनं त्याला असं खांदे हलवून हसताना घरात कधी पाहिलं नव्हतं.

"कोण पाहिजे, बाई?" दिनकररावांनी विचारलं आणि ओळखलं. "अरे, तुम्ही होय! पंडितराव आतच आहेत, बोलावू?"

"नगं." तिनं घाईनं म्हटलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून खालच्या खणातल्या पत्र्याच्या पेटीकडं बोट केलं. पेटीत कडा काळ्या पडलेले कागद होते, प्रत्येक वेगळ्या पुडीत ठेवलेला. "हे काय जळालंय?"

"एका वस्तीतल्या पोरांचे शाळेचे दाखले. त्या साली वस्ती पेटवली लोकांनी. एका म्हाताऱ्यानं राखेतनं वेचून आणले. एवढेच हाती लागले."

कोकिळेला पाणी तापवायची चूल आठवली. तिनं तो हात पदराखाली घेतला. पण आली होती ते काम तिनं सोडलं नाही. गाठ सोडून टाक टेबलावर ठेवला.

"हे बी त्या कपाटात ठिवा. तिचंच हाय."

दिनकररावांनी चष्मा वर केला, टाक बघितला, तिच्याकडं बघितलं. "घरी विचारलंय का?"

"माज्या गळ्यातला हाय. मी कुनाला इचारू? आन् देनाऱ्याचं नाव लिवा. कोकिळा."

त्यांनी लिहिलं. ती वळून चालायला लागली.

बसस्टँडवर रुखीला भूक लागली. कोकिळेनं आडोसा बघून पदर घेतला. पोरीनं तोंड लावलं आणि हात वर नेला. गळ्याशी चाचपलं, डावीकडं, उजवीकडं, मण्यांच्या मागं. काही लागेना. मग तिनं दूध सोडलं आणि असं भोकाड पसरलं, की कंडक्टर वळून बघायला लागले. कोकिळेनं मणी दिले, ते तिनं फेकले. किल्ल्यांचा जुडगा दिला, तोही फेकला. एक म्हातारी म्हणाली, नजर लागली. दुसरी म्हणाली, पोट दुखायलंय. कोकिळेला माहीत होतं काय दुखायलंय ते. पोरगी रडून रडून निळी झाली, तशी कोकिळा उठली आणि ऑटोत बसली.

दप्तरखान्याच्या दारात पंडितच उभा होता. हातात टाक. टाकाच्या कडीला दोऱ्यानं बांधलेली नंबराची चिठ्ठी.

"कोकिळे, हे काय केलंस?"

"तिचं तिला पोचवलं."

"आगं, पर..."

"पर काय? तिच्यापशी बसून हसताव, आन् मी आले की वही मिटताव. मी काय परकी हाय का? का मला कळत न्हाई, म्हनून?"

पंडितनं खाली बघितलं. "तुला राग येईल म्हनून मिटत होतो."

"मिटल्यानंच येतोय!"

रुखी दोघांच्या मधे गळा काढून रडत होती. दिनकरराव उगीच एका कपाटाची कडी घासत राहिले. पंडित आत गेला, उघडीच वही उचलून आणली आणि तिथंच उभ्याउभ्या मोठ्यानं वाचायला लागला, शाळेतल्या पोरासारखा.

"कडूबाई. बी दातानं फोडून बघते. मूठभर खाल्ल्याबिगर घेत नाही. घेतलं तर उगवतं, कारण खराब सगळं आधीच तिच्या पोटात गेलेलं असतं."

कोकिळेला हसायचं नव्हतं. तिनं ओठ दाबून धरले. पण परवाच कडूबाई हरभऱ्याच्या पोत्यापाशी गाल फुगवून उभी होती, ते तिला दिसलं आणि हसू फुटलंच.

"आजून बी तसंच करती की ती!"

"हे ऐक. वैजीनाथ. शेजाऱ्यानं नेलं तेच द्या म्हणतो. शेजारी म्हणतो, वैजीनाथनं नेलं ते द्या. दोघांना समोरासमोर बसवलं. जेवणाच्या वेळेपर्यंत बसले."

"लय आगाऊ होती की तुमची बायको," कोकिळा म्हणाली. 'तुमची' तिनं मुद्दाम म्हटलं. आणि म्हणता म्हणता तिच्या मनात आलं, ही जिवंत असती आणि मी गिऱ्हाईक असते, तर माझ्या नावापुढं काय लिहिलं असतं हिनं? कोकिळा, राणीसावरगाव. वाळवी नसताना वाळवी दाखवते. तिचे कान तापले. हिची नजर चुकवता आली नसती, हे तिला पक्कं कळलं.

तेवढ्यात रुखीनं बापाच्या हातातला टाक हिसकला, चिठ्ठीसकट तोंडात घातला आणि गप्प झाली.

"अहो, चिठ्ठी! चिठ्ठी खाईल ती!" दिनकरराव धावले. चिठ्ठी सोडवली, ओली झालेली पुसली आणि टेबलावरचं मोठं नोंदबुक उघडलं. "आता पंचाईत अशी आहे, बाई, की लिहिलेलं इथं खोडता येत नाही. तो आमचा नियम. पुढं शेरा लिहावा लागेल."

"लिवा की मग."

त्यांनी सावकाश लिहिलं आणि नोंदबुक तिच्याकडं फिरवलं. कोकिळेनं रुखीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि बोट ठेवून, अडत अडत वाचलं : चांदीचा टाक, एक. देणार कोकिळाबाई पंडितराव, झरी. शेरा : लेक त्याच्याशिवाय दूध पीत नाही म्हणून त्याच दिवशी परत नेला.

मग तिनं मागचं पान उलटलं. तिथं धुरपदेची नोंद होती : बियाणे दुकानाच्या वह्या, धुरपदाबाईंच्या हातच्या. देणार पंडितराव, झरी. शेऱ्याची जागा कोरी होती. कोकिळेनं तिच्या ओळीवर बोट ठेवून ते शेवटपर्यंत नेलं. पान पुन्हा उलटून आपल्या ओळीवरून नेलं. कोकिळेची ओळ शेऱ्याच्या रकान्यात न मावून खाली उतरली होती.

"काय बगायलीस?" पंडितनं विचारलं.

"काय न्हाई." तिनं पदर नीट केला. "पुढल्या सोमवारी मी बी येनार हाय. आन् चोरून हसायचं न्हाई. मोठ्यानं वाचायचं."

रुखी टाक चोखत होती. तिचे कान धुरपदेसारखे होते की नव्हते, ते कोकिळेनं ऑटोत बसल्यावर पुन्हा एकदा निरखून बघितलं.