गेजवरची टिचकी

सहाही आकडे सारखे होते, आणि तिथेच ती बाई अडकली.

सकाळी सहा, आठ, दहा, बारा, दोन, चार. प्रत्येक वेळेसमोर त्याच नेटक्या अक्षरात लिहिलेलं, सात मीटर दहा. अणुवीज केंद्रात वापरून झालेलं इंधन एका खोल टाकीत पाण्याखाली ठेवतात. त्या इंधनावर किती पाणी आहे त्याचा हा आकडा. पावणेपाच वाजता वर टाकीच्या हॉलमध्ये फरशी पुसणाऱ्या माणसाला टाकीच्या भिंतीवर ओली रेघ दिसली आणि पाणी त्या रेघेच्या हातभर खाली. त्याने फोन केला. पट्टी लावून मोजलं तर सहा मीटर सत्तर. खालची एक झडप नीट बसली नव्हती आणि पाणी दिवसभर गुपचूप शेजारच्या टाकीत जात होतं.

कुणाला इजा झाली नाही. बाहेर काही गेलं नाही. इंधनावर तीन माणसं एकावर एक उभी राहिली तरी बुडतील एवढं पाणी शिल्लक होतं. पण पाणी उतरतं आणि वही उतरत नाही, ही गोष्ट आमच्या खात्याला चालत नाही.

आमचं खातं म्हणजे या केंद्रावर देखरेख ठेवणारं. मी त्याचा निरीक्षक. केंद्राच्या आवारातच मला एक खोली दिलेली आहे, खिडकी असलेली, पण ती उघडत नाही. दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हा माझा धंदा, त्यामुळे कँटीनमध्ये माझ्या टेबलावर जागा कायम मोकळी असते. त्याआधी अकरा वर्षं मी याच केंद्रात ऑपरेटर होतो. लोक म्हणतात, चोराच्या वाटा चोराला ठाऊक, म्हणून तुला घेतलं. मी हसतो. चार वर्षं हसतोय.

पाणी कमी झालं की वाजणारी घंटा त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी बंद होती. रीतसर परवानगीने. त्या कागदावर पाच सह्या आहेत, पाचवी माझी. घंटा बंद म्हणून, एरवी पाळीत एकदा पाहतात ते पातळी दाखवणारं भिंतीवरचं गेज दर दोन तासांनी खालच्या बोळात जाऊन पाहायचं आणि आकडा वहीत लिहायचा असं ठरलं होतं. वर हॉलमध्ये जाऊन पाणीच का पाहत नाहीत, असं कुणीही शहाणा विचारील. वर जायचं तर कपडे बदला, बुटांवर पिशव्या चढवा, बिल्ला लावा, बाहेर येताना स्वतःला तपासून घ्या. त्यात पाऊण तास जातो. गेज दोन मिनिटांवर आहे.

त्या दिवशी पहिली पाळी या बाईची होती आणि जोडीदार तापाने झोपला म्हणून दुसरीही तिच्याच गळ्यात पडली. तीन आठवड्यांपूर्वी ती दुसऱ्या केंद्रातून बदलून आली होती, म्हणून सगळे तिला ‘बदलीवाली’ म्हणत. वय पस्तिशीचं, बोलणं मोजकं.

केंद्राने दोन दिवसांत अहवालाचा कच्चा मसुदा माझ्या टेबलावर आणून ठेवला. निष्कर्ष एका ओळीचा होता: ऑपरेटरने गेज प्रत्यक्ष न पाहता आधीचे आकडे उतरवले. सोबत गेज तपासल्याचा दाखला. गेज भिंतीवरून काढलं, कार्यशाळेत नेलं, लावून पाहिलं, उत्तम चालतं. मी त्यावर शेरा मारायचा, खात्याने शिक्का मारायचा आणि बाईचा परवाना जायचा. खोटी नोंद केलेल्या माणसाला या धंद्यात पुन्हा कुणी दारात उभं करत नाही.

मी तिला खोलीत बोलावलं.

“तुम्ही सहाही वेळा खाली गेलात?”

“गेले.”

“आणि सहाही वेळा काटा सात दहावर?”

“सात दहावर. साहेब, उतरवायचेच असते तर मी एखादा सात नऊ नसता का लिहिला? खोटं बोलणारा माणूस थोडी तरी मेहनत घेतो.”

मुद्दा बिनतोड होता, पण पुरावा नव्हता. मी म्हटलं, आपण प्रत्यक्ष करून पाहू.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता टाकीतलं पाणी मुद्दाम पंधरा सेंटिमीटर उतरवलं. वर पट्टीपाशी एक माणूस फोन घेऊन उभा. खाली बोळात मी आणि ती. बोळ अरुंद आहे, डोक्यावर पाइप, भिंतीला फिकट हिरवा रंग. गेज छातीच्या उंचीवर, जेवणाच्या ताटाएवढं. या बोळात मी किती वेळा उभा राहिलो असेन, देव जाणे.

वरून फोन आला, “सहा पंच्याण्णव.”

“वाचा,” मी तिला म्हटलं.

ती पुढे झाली, वाकली, डोळा काट्यासमोर आणला. शिकवतात तसं अगदी. “सात दहा.”

“नीट बघा.” मी तिच्या बाजूने पुढे झालो आणि पाहिलं. काटा सहा पंच्याण्णववर होता. मला तिची कीव आली. सरळ दिसतंय ते बाईला वाचता येत नाही.

ती काट्याकडे पाहत नव्हती, माझ्या हाताकडे पाहत होती.

“साहेब, तुम्ही काय केलंत?”

“काय केलं?”

“टिचकी मारलीत. काचेच्या कडेवर. मग काटा पडला.”

मी हाताकडे पाहिलं. मधलं बोट अजून अंगठ्यापुढे सुटलेलं होतं. मारली होती. खरं सांगतो, मला पत्ता नव्हता.

ती म्हणाली, “तुम्हाला कसं माहीत, टिचकी मारायची असते?”

मी गेजकडे पाहिलं. काचेच्या कडेला, खालच्या उजव्या बाजूला, पत्र्यावरचा काळा रंग नखाएवढा उडालेला होता आणि खालचं लोखंड पितळेसारखं गुळगुळीत झालेलं. टिचक्यांनी. शेकडो पाळ्यांच्या, डझनभर माणसांच्या. त्यातल्या अकरा वर्षांच्या माझ्या, आणि निरीक्षक झाल्यावर दर तीन महिन्यांनी एक, त्याही माझ्याच. हे गेज अडकतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, इतकं ठाऊक की त्याचा विचारही कुणी करत नसे. कार्यशाळेच्या दाखल्याचंही कोडं सुटलं. काढताना, नेताना, लावताना दहा धक्के बसले, अडकलेला काटा सुटणारच. आणि तीन आठवडे बाईचं निभावलं, कारण पाणी हललंच नव्हतं. अडकलेला काटाही खरंच बोलत होता.

मला लाज वाटली. तिच्यासमोर नाही, त्या नखाएवढ्या चकाकीसमोर.

दुपारी मास्तर आले. मास्तर म्हणजे पाळीप्रमुख. केंद्रातल्या निम्म्या माणसांना त्यांनी काम शिकवलं म्हणून हे नाव. मलाही त्यांनीच शिकवलं. माझ्या पहिल्या दिवशी मला बोळात नेऊन ते म्हणाले होते, “हे म्हातारं जरा झोपाळू आहे. आधी उठवायचं, मग विचारायचं.” आणि टिचकी मारली होती.

आता ते दार लोटून खुर्चीत बसले.

“चाचणीचं ऐकलं. मग, काय लिहिणार?”

“काटा अडकतो, असं.”

“लिही की. आजपासून अडकतो म्हणून लिही. कोण नाही म्हणतंय?”

“मास्तर, आजपासून नाही.”

“अरे, तुझ्या सोळा तपासण्यांवर ‘समाधानकारक’ लिहिलंय. कशाला हात दाखवून अवलक्षण? आपलेच दात, आपलेच ओठ.”

“आणि आजपासून अडकतो म्हटल्यावर बाईचं काय? त्या दिवशी चांगलं होतं, म्हणजे तिने आकडे उतरवले. परवाना गेलाच.”

मास्तरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. “तिने विचारायला हवं होतं. सगळ्यांना माहीत आहे.”

“तिला कुणी सांगितलं?”

“सांगायचं काय त्यात? नवीन माणूस चार दिवस बघतो, शिकतो. आम्ही काय पुस्तकात वाचून शिकलो?” मग आवाज उतरला. “माझं एक वर्ष राहिलंय रे. तेवढं जाऊ दे.”

मास्तर वाईट माणूस नाहीत. माझी मुलगी आजारी होती तेव्हा सलग नऊ पाळ्या त्यांनी माझ्यासाठी केल्या. हे मी विसरलेलो नाही, आणि ते विसरलेलो नाही हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून त्यांनी ते काढलं नाही. काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

घरी आलो तर मेहुणी आलेली, आणि दोघी बहिणींची जुंपलेली. आमच्या बाथरूमचं दार आतून उघडायचं तर जरा उचलून ओढावं लागतं. आम्हाला सवय आहे. मेहुणी वीस मिनिटं आत अडकली होती.

“तिला सांगायचं राहून गेलं हो,” बायको मला म्हणाली.

“आणि वर मलाच हसतेय!” मेहुणी म्हणाली. “दार तुमचं बिघडलेलं आणि येडी मी?”

बायको पुन्हा हसली. मला हसू आलं नाही. जेवणावर लक्ष नाही म्हणून बायकोने दोनदा विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिने माझं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, “नोकरी जाईल?”

“ही तरी जाईल.”

“मग लिहा आणि मोकळे व्हा. नाही लिहिलंत तर वर्षभर तोंड पाडून बसाल, आणि ते मलाच बघायला लागेल.” आमच्या घरात धीर असाच देतात.

सकाळी मी लिहिलं. अहवालात एक रकाना असतो, ‘दोषाची पूर्वकल्पना असलेल्या व्यक्ती’. आजवर मी तो नेहमी रिकामा पाहिला आहे. त्यात पहिलं नाव माझं लिहिलं, दुसरं मास्तरांचं. दुसरं लिहिताना हात थांबला. चहा आणला, तो गार झाला, मग लिहिलं.

महिन्याभराने सुनावणी झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, समोर तीन सदस्य. अध्यक्ष बाईंनी चष्मा वर केला.

“गेज अडकतं हे तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?”

“पंधरा वर्षं.”

“आणि निरीक्षक म्हणून तपासणीत काय लिहिलंत?”

“समाधानकारक.”

“किती वेळा?”

“सोळा.”

त्यांनी ते लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शेजारचे सदस्य पुटपुटले, “कुंपणच शेत खात होतं म्हणायचं.” ते मला ऐकू यावं अशाच बेताने पुटपुटले होते.

बदलीवालीवरचा आरोप त्याच दिवशी काढून टाकला. गेज बदललं. मास्तरांना पाळीवरून काढून भांडारात बसवलं. ते मला बोळात समोर आले तर भिंतीवरची सूचना वाचत पुढे जातात. माझा तपासणीचा अधिकार काढून घेतला. एक तारखेपासून मुख्य कार्यालयात, जुन्या फायलींच्या विभागात. तिथली खिडकी उघडते, असं कळलं.

शेवटच्या दिवशी मी नव्या निरीक्षकाला घेऊन फेरी मारली. मुलगा हुशार आहे, प्रत्येक दारापाशी प्रश्न विचारतो. आम्ही बोळात आलो तेव्हा तिथे बदलीवाली वही घेऊन उभी होती. वाचनाची वेळ होती. नवं गेज पांढरंशुभ्र, काळ्या कडेवर ओरखडा नाही.

“घंटा चालू आहे?” नव्या निरीक्षकाने विचारलं.

“चालू आहे. तरी एक महिना दोन्ही बघायचं ठरलंय,” ती म्हणाली.

“छान.” मी पुढे झालो, नव्याला गेज दाखवायला. “हे बघा, हे आत्ताच बसवलंय—”

टक.

बोट अजून काचेच्या कडेवर होतं. काटा सात दहावर होता तो सात दहावरच राहिला, हललाही नाही. नव्याला काही कळलं नाही. मला मात्र कानापर्यंत गरम झालं.

“सवय,” मी म्हटलं.

“हो,” ती म्हणाली. घड्याळात पाहिलं, वही भिंतीला टेकवली आणि लिहू लागली. आकड्याच्या रकान्यात सात मीटर दहा. मग बाजूच्या शेऱ्याच्या रकान्यात आणखी काहीतरी, सावकाश, त्याच नेटक्या अक्षरात. लिहून झाल्यावर वही माझ्यासमोर धरली.

‘१०.०४. वाचनाआधी निरीक्षकांनी गेजवर टिचकी मारली. काटा हलला नाही.’

“सही करता का, साहेब?”

पंधरा वर्षांतली ही पहिली टिचकी होती जी कुणी लिहून ठेवली. मी पेन काढलं आणि सही केली.