धाकट्याची नवी सायकल

"दादा, थांबू का?"

वरच्या वळणावरून धाकट्याचा आवाज आला. थोरल्याने मान वर न करता नुसता हात हलवला. म्हणजे, जा बाबा. छातीत दम उरला असता तर त्याने चार शब्द सुनावलेही असते, पण तेवढ्या श्वासात आणखी एक विजेचा खांब मागे पडत होता.

आज शेवटचा घाट होता. पुढच्या रविवारपासून नदीकाठच्या सपाट रस्त्यावर जेवढं फिरणं होईल तेवढं, असं त्याने बायकोला कबूल केलं होतं. ती बिचारी ऐकून देवघरात न जाता थेट त्याच्यासमोरच हात जोडून उभी राहिली होती. थोरला तेव्हा हसला होता. नंतर न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून बसला.

रस्ता दोघांच्या पायाखालचा. गावामागचा लोखंडी पूल ओलांडायचा, नदीच्या कडेकडेने लाकडाच्या वखारीपर्यंत यायचं, तिथून घाटाला लागायचं. माथ्यावरून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं आणि तिथली दुसरी नदी धरून, संगमाला वळसा घालून घरी. घाटातल्या वळणांना थोरल्याने तरुणपणीच नावं ठेवली होती. सगळ्यात उभं, संपता संपत नाही ते वळण म्हणजे सासू. त्याच्यानंतर जरा सपाट, सुख देतोय म्हणेपर्यंत निघून जाणारं, ते जावई. ही नावं लग्नाआधीची. लग्नानंतर ती घरात सांगायची सोय राहिली नाही.

थोरला कवळ्या बनवायचा. दातांच्या दवाखान्यामागे एक खोली, तिथे मेण, साचे आणि कपाटभर जबडे. लोकांच्या हाती म्हातारपण द्यायचा धंदा आहे आपला, असं तोच म्हणायचा. धाकटा विम्याचा एजंट. म्हातारपण यायच्या आधी तो त्याची भीती विकायचा. दोघांचं मिळून बरं चाललं होतं.

धाकट्याला सायकल शिकवली ती थोरल्यानेच, मागून सीट धरून, मैदानाला फेऱ्या मारत. तेव्हापासून माथ्यावर आधी थोरला पोचायचा आणि दगडावर बसून धाकट्याची वाट बघायचा. यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. मग दोन वर्षांपूर्वी धाकट्याने नवी काळी सायकल आणली आणि सगळं फिरलं. पहिल्याच रविवारी तो सासूच्या वळणावर शीळ घालत पुढे निघून गेला.

थोरला कधी घड्याळ लावून घाट चढला नव्हता. धाकटाच त्याचं घड्याळ. त्यामुळे धाकटा पुढे गेला याचा अर्थ त्याने एकच काढला, की आपण मागे पडलो. मग त्याला गाठण्यासाठी तो जिवाच्या आकांताने पाय मारायचा आणि अर्ध्या घाटातच रिकामा व्हायचा. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. बायको घाबरली. धाकटा म्हणाला, "दादा, छाती तपासून घे एकदा. वेळ सांगून येत नाही." आणि स्वतः गाडीत घालून घेऊन गेला.

जावयाच्या वळणापुढे धाकटा खरोखरच थांबलेला दिसला. रस्त्याखालची मोरी वाहून गेली होती. रस्त्याच्या जागी ओबडधोबड दगड, मधून ओढ्याचं पाणी. दोन्ही सायकली उचलूनच पलीकडे न्याव्या लागणार होत्या. धाकटा पाय कुठे ठेवायचा ते बघत रिकाम्या हाताने आधी पलीकडे गेला आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणीतरी गिऱ्हाईक. रविवारी सकाळी स्वतःच्या मरणाबद्दल चौकशी करणारेही असतात.

थोरल्याने आपली सायकल खांद्यावर टाकली, दगडांवरून पलीकडे ठेवली आणि धाकट्याची आणायला परत फिरला. वाकून उचलायला गेला तर ती अर्ध्यातच खाली आली.

घ्या, तो मनाशी म्हणाला, आता सायकलसुद्धा उचलवत नाही.

"दादा, राहू दे!" पलीकडून धाकटा ओरडला. फोन त्याने कानापासून दूर धरला होता. "हात लावू नकोस! मी आणतो!"

आवाज जरा जास्तच मोठा होता. ओढ्यापलीकडून ओरडायला इतका लागत नाही. थोरल्याने वाकून पुन्हा सायकल उचलली, या वेळी नेट लावून, आणि तोल सावरायला हँडल पकडलं. हँडलला गुंडाळलेल्या पट्टीखाली अंगठ्याला काहीतरी टोचलं. दाबलं गेलं.

मागचं चाक हवेतल्या हवेत फिरायला लागलं. पायडलही फिरत होतं, कुणाचाही पाय नसताना. आतल्या मोटरचा आवाज इतका बारीक, की ओढ्याच्या पाण्यात तो विरून जात होता.

थोरल्याने बटण पुन्हा दाबलं. चाक थांबलं. मग त्याने ती सायकल सावकाश, एकेका दगडावर पाय रोवत पलीकडे नेली आणि भावासमोर नीट उभी केली. धाकट्याने फोन खिशात टाकला होता.

"कधीपासून?"

"दादा, ऐक तर..."

"कधीपासून रे?"

"घेतली तेव्हापासूनच."

"म्हणजे पहिल्या रविवारपासून."

"मी सांगणार होतो. शप्पथ. वर पोचलो, म्हटलं दादा आला की दाखवू, हसू दोघं." धाकटा ओढ्याकडे बघत बोलत होता. "तू आलास, घामाघूम, आणि पाठीवर थाप मारलीस. 'शाब्बास रे गड्या' म्हणालास. उभ्या जन्मात मला कधी म्हणाला नव्हतास तू. मग नाही सांगवलं."

थोरल्याला हे पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच लागलं. थट्टा असती तर त्याने दोन शिव्या देऊन सोडूनही दिलं असतं.

"आणि दवाखाना?"

धाकटा वाकून सायकलच्या चाकावरचा चिखल पुसू लागला.

"छातीवरचे केस भादरले माझ्या. तारा चिकटवून फिरत्या पट्ट्यावर पळवलं. तू बाहेर बाकावर बसला होतास, माझा शर्ट मांडीवर घेऊन. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. तर तू काय म्हणालास?"

"दादा, जाऊ दे ना."

"'दोष नाही म्हणजे मग वयच,' म्हणालास. मी मान डोलावली. तुझ्यासमोर."

"मला वाटलं, आता सांगितलं तर तू तोंड बघणार नाहीस माझं."

"तुझ्या घरी माहीत आहे?"

"हिला माहीत आहे. चार्जिंगला तीच लावते शनिवारी."

मागच्याच महिन्यात धाकट्याच्या बायकोने गुडघ्यांना चोळायचं तेल पाठवलं होतं. बाटलीला फडकं गुंडाळून, सांडू नये म्हणून. थोरल्याने ते रोज रात्री लावलं होतं, आणि दर वेळी त्या पोरीला मनोमन दुवा दिला होता.

"वय काय, सगळ्यांचं होतं," तो म्हणाला. "माझं तू आधीच करून टाकलंस. कवळी बसवायची तर आम्हीसुद्धा दात पडायची वाट बघतो रे."

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. थोरल्याला ते दिसलं. लहानपणी ते दिसलं की तो सगळं विसरायचा. आज काही केल्या विसरता येईना, आणि याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

"मी बंद करतो. इथून बंद ठेवूनच चढतो, बघ तू."

"चालू ठेव. झेपणार नाही तुला."

थोरला आपल्या सायकलवर बसला. आज त्याला कुणाला गाठायचं नव्हतं. पाय आपल्या चालीने फिरू लागले आणि श्वासही त्यांच्या लयीत आला. एक वळण गेलं, दुसरं गेलं, छाती कुठेच भरून आली नाही. हा घाट असाच होता, पहिल्यापासून. खाली खोऱ्यात नदी दिसत होती, तिच्या काठचे बागायती तुकडे, वखारीचं पत्र्याचं छप्पर. दोन वर्षं त्याने यातलं काही बघितलंच नव्हतं. धाकट्याच्या पाठीशिवाय त्याला काही दिसलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. तो कोरडाच राहिला.

घरी पोचला तेव्हा बायको दाराशीच होती.

"झाला एकदाचा शेवटचा?"

"शेवटचा नाही. जाणार आहे मी पुढच्या रविवारी." तो उंबऱ्याशी बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"अहो, काय हे! कबूल केलंय तुम्ही. वय झालं ना आता?"

"वय-बिय काही झालेलं नाही माझं. ठणठणीत आहे मी."

"कोण म्हणालं?"

 आत भाजीवर झाकण हलत होतं.

"धाकटा."

"भाऊजी म्हणाले?" तिचा चेहरा एकदम सैलावला. ती पदराने कपाळ टिपत त्याच्याशेजारी टेकली. "मग ठीक आहे. ते उगाच नाही म्हणायचे. बाई गं, किती जपतात हो तुम्हाला! सख्ख्या भावाशिवाय कोण एवढं करतं?"

ओढ्यात भिजून नाडीची गाठ घट्ट बसली होती. थोरला खाली मान घालून नखाने ती उकलत राहिला.

"बोला की," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "दुसरं कोण करणार?"