धरणाची आय

नियंत्रण कक्षात सगळ्यांचे डोळे खिडकीबाहेरच्या पाण्याकडे लागले होते. आकडेबाईंचे तेवढे पडद्यावरच्या रेषेकडे. बाहेर धरण फुगत चाललं होतं आणि ही रेषा पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखी गुमान बसली होती. कुठे उसळी नाही, खळखळ नाही. आकडेबाईंना खटकलं ते तिथेच.

आकडेबाई हे तिचं ऑफिसातलं नाव. वरच्या डोंगरांत पाऊस कोसळला की धरणात किती पाणी येऊ शकेल याचे हजारभर अंदाज ती आपल्या संख्याशास्त्राच्या प्रणालीत चालवून बघायची. पलीकडच्या टेबलावर तिचा नवरा बसायचा, अक्षरबुवा. तो आकड्यांना शिवतसुद्धा नसे. त्याच्या बीजगणिताच्या प्रणालीत समीकरणं अक्षरांतच सुटायची. यंदा साहेबांनी फर्मान काढलं की दोन्ही प्रणाल्या जोडा. समीकरण त्याच्याकडे सुटेल, तयार सूत्र आपोआप तिच्याकडे येईल, ती त्यात आपले आकडे घालील आणि किती दारं उघडायची ते एका दमात कळेल.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! नेमका त्याच आठवड्यात दोघांचा अबोला सुरू होता. अक्षरबुवाला दुसऱ्या गावी नोकरीची मोठी जागा मिळत होती, आणि तिथल्या माणसाला तो फोनवर म्हणाला होता, "तिचं काय, तिला चालेल." ती मागे दारातच उभी होती. तेव्हापासून तिनं तोंडाला कुलूप लावलं आणि त्यानंही किल्ली शोधली नाही. तो फाइल ठेवायचा, ती उचलायची. जोडणी सुरू झाली आणि जोडपं बंद पडलं, असं चहाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालंसुद्धा. हसले सगळे. तिला ते ऐकू गेलं होतं.

"काय म्हणतंय तुमचं यंत्र?" साहेब घाईघाईत आत आले.

"दोन दारं," ती म्हणाली.

"दोनच? मग सुटलो! खालच्या वस्तीला हलवायला नको."

दोन दारांचं पाणी नदी पोटात घेते. त्याहून जास्त सोडायचं तर नदीकाठची वस्ती आधी रिकामी करावी लागते. पण आता कमी सोडलं आणि आवक वाढली, तर मागाहून सगळी दारं एकदम उघडावी लागतील, आणि तेव्हा वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना उंबरा ओलांडायलाही सवड मिळायची नाही. हे कक्षातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आकडा मात्र तिच्या सहीनं जाणार होता.

"साहेब, जरा वेळ द्या."

"आता काय मुहूर्त बघायचाय? यंत्रानं सांगितलं ना?"

"बघू द्या हो एकदा."

साहेब कपाळाला आठ्या घालून खिडकीशी गेले. ती खुर्चीच्या टोकावर बसली. वर्षानुवर्षं आकड्यांत काढलेल्या बाईला एवढं कळतं, की हजार अंदाज कधी इतक्या गुण्यागोविंदानं नांदत नाहीत. तिनं आवक दुप्पट केली. दोन दारं. दसपट केली, तरी दोन दारं. मग तिनं आवक शून्य केली. डोंगरात टिपूस नाही, नदी ठणठणीत कोरडी, आणि यंत्र म्हणतंय, दोन दारं!

नवऱ्याकडून आलेलं सूत्र तिनं उघडलं, वरून खाली वाचलं, परत वाचलं. त्यात आवकच नव्हती.

आता विचारायचं तर त्यालाच. मानी बाई ती. एरवी उपाशी राहिली असती, पण पहिला शब्द बोलली नसती. तिनं खिडकीतून खाली पाहिलं. वस्तीतल्या दोऱ्यांवर कपडे वाळत होते.

"तुझ्या सूत्रातली आय कुठे गेली?" तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. सगळा कक्ष वळून बघायला लागला.

"माझ्या?" अक्षरबुवा दचकला. "मी काही काढलं नाही. तू दिलंस तेच सोडवलं."

"मग ती आहे कुठे?"

तो उठून तिच्या टेबलाशी आला. या ऑफिसात धरणात येणाऱ्या पाण्याला कुणी आवक म्हणत नसे. आय आणि व्यय. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे सकाळी आल्या आल्या विचारायचे, "आज आय किती?" म्हणून तिनंही समीकरण देताना बिनदिक्कत इंग्रजी आय हे अक्षर लिहून टाकलं होतं. त्यानं ते बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"अगं, माझ्याकडे हे अक्षर आधीच घेतलेलं आहे. काल्पनिक संख्या. आयचा वर्ग म्हणजे उणे एक. वर महापूर येऊ दे नाहीतर दुष्काळ पडू दे, उणे एक!"

"आणि हे तुला दिसलं नाही?"

"अक्षरं मी वाचत नाही ग, यंत्र वाचतं. पण उत्तराला काल्पनिक शेपूट आलं असणार की. ते तुझ्याकडे दिसायला हवं होतं."

शेपूट आलं होतं. त्याच्याकडच्या उत्तरांना पहिल्यापासूनच एक बारीकसं 'अधिक शून्य आय' चिकटून यायचं. ते निरुपद्रवी होतं. पण दरवेळी ते बघायचा तिला वैताग आला, म्हणून तिनं एक ओळ लिहून टाकली होती. वास्तव भाग ठेवा, बाकीचं फेका. मग हे आयचं समीकरण गेलं आणि शून्याच्या जागी भलंमोठं काही येऊ लागलं, तेही निमूट फेकलं गेलं.

"मी ते कापून टाकत होते," ती म्हणाली.

"न बघता? का?"

"तुला विचारावं लागलं असतं."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग तो तिच्याच कळफलकावर वाकला. "नाव बदलू या. काय ठेवू?"

"आवक लिही. पूर्ण."

सूत्र पुन्हा सुटलं, पुन्हा इकडे आलं. तिनं ती कापणारी ओळ पुसली आणि हजार अंदाज सोडले. रेषा ताडकन वर गेली. पाच दारं.

"साहेब, पाच! वस्ती हलवा. आत्ताच."

साहेबांनी एक शब्द विचारला नाही, फोनच उचलला. भोंगा वाजू लागला. खाली दोऱ्यांवरचे कपडे भराभर निघाले, गाठोडी डोक्यावर चढली, कुणीतरी एका आजीला खुर्चीसकट उचललं. माणसं चढणीला लागली, तेव्हा पहिलं दार हळूहळू वर सरकायला लागलं. आकडेबाई खिडकीशी उभी राहून शेवटचा माणूस वर पोचेपर्यंत बघत राहिली.

मागे अक्षरबुवाचा फोन वाजला. दुसऱ्या गावचा तोच माणूस होता.

"नाही, नक्की नाही अजून," तो हळू आवाजात सांगत होता. "तिला विचारायचं राहिलंय." मग फोनवर हात ठेवून तो वळला. "चालेल का ग तुला?"

सगळा आठवडा तिला एकच उत्तर द्यायचं होतं.

"नाही चालणार," ती म्हणाली.

त्यानं फोन बंद केला, खुर्ची तिच्या टेबलाशी ओढली आणि बसला.

"बरं," तो म्हणाला. "का, ते सांग."