सहावी पायरी

तिसरीच्या बाईंना यंत्रांची भीती नव्हती. भीती होती ती साहेबांची, आणि ती त्यांनी एकतीस वर्षं इमानेइतबारे जपली होती. साहेब म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. माणसं बदलली, भीती तीच राहिली. ते कधीही येत, मागच्या बाकावर बसत आणि वहीत काहीतरी लिहीत. काय लिहीत ते बाईंना कधीच कळलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीची जेवढी धास्ती असते तेवढी कळलेलीची नसते.

त्या वर्षी शाळेत अठरा कॉम्प्युटर आले. मोडक्या बाकांची अडगळ हलवून त्यांच्यासाठी एक खोली रिकामी केली, खिडक्यांना जाळ्या ठोकल्या, दारावर 'वाचनकक्ष' अशी पाटी लावली. मुलांनी पडद्यावरचा उतारा वाचायचा, खाली दिलेल्या तीन उत्तरांपैकी एक दाबायचं. बरोबर आलं की कोपऱ्यातला हिरवा पोपट पंख फडफडवून 'शाब्बास' म्हणणार. अशा एकूण दहा पायऱ्या. "पोपटाकडून शिकवायचं म्हणजे पोपटपंचीच होणार," असं बाई मधल्या सुट्टीत म्हणाल्या आणि शिक्षकांच्या खोलीत सगळे मनापासून हसले. मग शिपाई नोटीस घेऊन आला. पहिल्या दिवशी साहेब स्वतः हजर राहणार होते. हसू तिथेच आटपलं.

त्याच आठवड्यात घारीचे आजोबा बाईंना भेटायला आले. घारी ही वर्गातली सतरा नंबरची मुलगी. घाऱ्या डोळ्यांमुळे आईने तिला हे नाव दिलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. आई आता तुरुंगात होती. काय केलं म्हणून, ते शाळेच्या कागदांत नव्हतं आणि बाईंनी विचारलंही नव्हतं. आजोबांनी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले होते; काचबिंदूने डोळे गेले, आता उजेड आहे की अंधार एवढंच कळे. घारी त्यांना बोट धरून शाळेत घेऊन आली, म्हणजे कोणी कोणाचं बोट धरलं होतं ते सांगायला नको.

"बाई, हिच्या आईचं महिन्याला एक पत्र येतं," आजोबा म्हणाले. "कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला वाचून दाखवतो. माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी घरी पोचायच्या आत आमची सगळी कथा गल्लीला पाठ झालेली असते. हिला तेवढं वाचायला शिकवा. गणित नाही आलं तरी चालेल."

"येईल हो, आजोबा. वर्ष संपेपर्यंत घडाघडा वाचेल."

"भेटीचा अर्ज केलाय. मंजूर झाला की तारीख हिची आईच कळवणार आहे पत्रातून. दीड वर्ष झालं, पोरीने आईचं तोंड पाहिलेलं नाही. ती तारीख तरी घरातल्या घरात कळू दे, एवढंच."

बाईंनी शब्द दिला, आणि तो मनापासून दिला. घारीला अक्षरं ओळखता येत होती, पण अक्षरांचा शब्द होत नव्हता. क, म, ळ असं तीनदा म्हणून ती बाईंच्या तोंडाकडे बघत बसे. मुलगी मठ्ठ मुळीच नव्हती. एकदा ऐकलेली गोष्ट ती शब्दन् शब्द सांगे, पुस्तक समोर धरून सांगे, आणि पान भलत्याच ठिकाणी उलटे. अशा मुलीला रोज जवळ घेऊन बसावं लागतं हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यासाठी सोयही झाली होती. नव्या योजनेत वाचनमदतीच्या वेगळ्या बाई आल्या होत्या. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरवर प्रवेश चाचणी व्हायची, आणि जी मुलं पहिल्या दोन पायऱ्यांवर येतील त्यांना त्या रोज एक तास जिन्याजवळच्या खोलीत घेऊन बसणार होत्या. घारी पहिल्या पायरीवर येणार, यात शंका नव्हती. म्हणजे सगळं आपोआप जुळून येत होतं.

चाचणीच्या दिवशी साहेब वेळेवर आले, हीच पहिली वाईट गोष्ट. अठरा मुलं आत, अठरा बाहेर व्हरांड्यात. कॉम्प्युटर शिकवायला आलेली तरुण ताई एकेकाचा हात धरून माउस कसा हलवायचा ते दाखवत होती. घारीने माउसवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. पडद्याच्या वरच्या कडेला घड्याळ उलटं चालत होतं. वीस प्रश्नांपैकी पहिलाच प्रश्न, आणि तोही तसाच. साहेब पहिल्या रांगेपासून निघाले होते. प्रत्येक मुलामागे थांबायचे, पडदा बघायचे, वहीत लिहायचे. तीन मुलं उरली. मग दोन.

बाई वाकल्या. घारीच्या गार पडलेल्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला. "अगं, असं दाबायचं," म्हणाल्या आणि दाबलं. एक फक्त दाखवायला. मग दुसरा. मग हात थांबेना. अठरा उत्तरं बरोबर दिली आणि दोन मुद्दाम चुकवली. एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढं शहाणपण येतंच.

"वा! सहावी पायरी? तिसरीतली मुलगी?" साहेब मागे उभे होते. "चांगली तयारी करून घेतलीत, बाई."

एकतीस वर्षांत कोणत्याही साहेबाने बाईंना चांगलं म्हटलं नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पडद्यावर पोपट पंख फडफडवत होता आणि घारी आ वासून त्याच्याकडे बघत होती.

दुपारी सगळे गेल्यावर बाईंनी ताईला गाठलं. "ताई, त्या सतरा नंबरची चाचणी परत घेता येईल का हो?"

"येईल की. अर्ज लिहायचा, कारण द्यायचं, मोठ्या सरांची सही घ्यायची आणि साहेबांकडे पाठवायचा."

"कारण काय द्यायचं?"

"जे असेल ते द्यायचं, बाई."

बाईंनी कोरा अर्ज घेतला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये चष्म्याच्या डबीखाली ठेवला. निवृत्तीला आठ महिने उरले होते. आठ महिन्यांसाठी कशाला हात दाखवून अवलक्षण करून घ्या? आपण आहोत ना, आपणच शिकवू तिला, असं त्यांनी ठरवलं. ठरवायला काही लागत नाही.

अकरा दिवस त्यांनी घारीला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं. काना, मात्रा, वेलांटी. बाराव्या दिवशी बैठक निघाली, मग प्रत्येक मुलाची रोजची प्रगती कॉम्प्युटरवर भरायचा हुकूम आला, मग बाईंचे गुडघे धरले, आणि मग तो विषय मागे पडला. बाई वाईट नव्हत्या. नुसत्या वाईट नसून भागत नाही, एवढंच.

जिन्याजवळच्या खोलीतली चौदा मुलं हळूहळू वाचायला लागली. सगळ्या शाळेत 'भोपळा' म्हणून प्रसिद्ध असलेला मुलगासुद्धा एक दिवस व्हरांड्यातली 'येथे थुंकू नये' ही पाटी अडखळत वाचून थुंकायचा थांबला. घारी वाचनकक्षात सहाव्या पायरीवर बसलेली असे. तिला तिथे मुळीच त्रास होत नव्हता, हेच सगळ्यात वाईट. मोठमोठे उतारे यायचे, ती दाबायची, आणि पोपट थोड्या वेळाने शाब्बास म्हणायचाच.

"कसं ओळखलंस गं?" बाईंनी एकदा मागे उभं राहून विचारलं.

"दाबून बघायचं, बाई. चुकलं तर ते विझतं. मग दुसरं दाबायचं. उरतं ते बरोबर." घारीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हीच तर शिकवलंत."

त्या दिवशी घरी जाऊन बाईंनी अर्ज बाहेर काढला, पेनही काढलं, आणि 'कारण' या शब्दापुढच्या मोकळ्या रेघेकडे चहा गार होईपर्यंत बघत बसल्या. मग घड्या होत्या तशाच घालून तो परत ठेवून दिला.

सत्र संपताना कॉम्प्युटरने प्रगतीची पत्रकं काढली. घारीच्या पत्रकावर सोनेरी चांदणी होती आणि खाली छापलं होतं: 'अस्खलित वाचक. पायरी सात.' त्याखाली वर्गशिक्षिकेची सही लागत होती. बाईंनी ती केली.

पंधरा दिवसांनी, बुधवारी, शाळा सुटताना आजोबा वर्गाच्या दारात उभे राहिले. घारीने त्यांना उंबऱ्यावरून जपून आत आणलं. धुतलेला सदरा घातला होता, दाढी केली होती, चेहरा नुसता फुलला होता.

"बाई, कुठे आहात? तुमचे पाय दाखवा आधी."

"अहो आजोबा, काय हे! बसा."

"बसत नाही. इस्त्रीवाल्याला सांगून आलोय, बाबा रे, तुझी चाकरी संपली! ते चांदणीचं पत्रक त्यानेच वाचलं, तोंड एवढंसं झालं त्याचं. आणि मागच्या आठवड्यातल्या सोमवारी पत्र आलं ना हिच्या आईचं, ते पोरीने वाचलं. स्वतः! कुठे अडखळली नाही, बाई. पाण्यासारखं."

बाई खुर्चीवर बसल्या. "काय लिहिलंय पत्रात?"

"बरी आहे म्हणते. जेवण बरं मिळतं. घारीने आजोबांचं ऐकावं, अभ्यास करावा, सगळ्यांना नमस्कार. दर वेळी असतं तेच. भेटीचं तेवढं काही नाही. मंजूर झाली नसेल अजून. होईल, सरकारी काम आहे." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पत्र काढून आवाजाच्या दिशेने पुढे धरलं. "तुम्ही एकदा वाचा. एवढं शिकवलंत, तर तुमच्या तोंडूनही एकदा ऐकू दे."

बाईंनी पत्र घेतलं. अर्धवट शाळा शिकलेल्या हाताचं मोठं मोठं अक्षर होतं. वर तुरुंगाचा शिक्का.

'बाबा, भेट मंजूर झाली. शनिवारी बारा तारखेला सकाळी दहा ते बारा. घारीला घेऊन या, तिला आत सोडणार आहेत. सोमवारी मला लांबच्या तुरुंगात हलवतील. तिथे यायला दोन दिवस लागतात, तुम्हाला जमायचं नाही. म्हणजे आता सुटेपर्यंत हीच भेट, आणि सुटायला सहा वर्षं आहेत. मी दहापासून जाळीपाशी उभी राहीन. तिच्यासाठी इथे फ्रॉक शिवलाय, माप माहीत नाही म्हणून सैल ठेवलाय. आला नाहीत तर मी समजेन, की तिला इथे आणायचं तुमच्या मनात नाही. मी रागावणार नाही.'

फळ्यावर सकाळी बाईंनीच तारीख लिहिली होती. सोळा.

त्यांनी घारीकडे पाहिलं. घारी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, क म ळ म्हटल्यावर बघायची तशीच. तिने लबाडी केली नव्हती. इस्त्रीवाल्याच्या तोंडून जे ऐकलं होतं त्यातून अंदाज बांधला होता, आणि तो बरोबर आहे की विझतो हे कळायची ती वाट बघत होती. वाचन म्हणजे हेच असतं, असं तिला शिकवलं गेलं होतं.

"वाचताय ना, बाई?" आजोबा म्हणाले.

आता सांगून काय होणार होतं? शनिवार गेला, सोमवारही गेला. म्हातारा इथल्या इथे कोसळेल, पोर जन्मभर स्वतःला खाईल. असं सगळं बाईंच्या मनात आलं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच्या आधी मनात आली होती ती पत्रकावरची स्वतःची सही, हेही खरं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. महिन्याभरात आजोबा तुरुंगाच्या दारात चौकशीला जाणारच होते. तरीही बाईंनी पत्र डोळ्यांसमोर धरलं, घसा साफ केला आणि वाचलं.

"बाबा, मी बरी आहे. जेवण बरं मिळतं. घारीने तुमचं ऐकावं. अभ्यास करावा. सगळ्यांना नमस्कार."

"बघा! शब्दन् शब्द तेच!" आजोबांनी हवेतच टाळी वाजवली. "मी म्हटलं नव्हतं?"

घारीचा चेहरा आधी गोंधळला. ती पत्राकडे बघू लागली, मग बाईंकडे, मग परत पत्राकडे. आणि मग तिचे ते घारे डोळे एकदम मोठे झाले.

"बाई, मला खरंच येतं?"

घारीने त्यांच्या हातातून पत्र ओढून घेतलं, टेबलावर पसरलं, दोन्ही हातांनी सपाट केलं. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागली. "बाबा, मी बरी आहे. जेवण बरं मिळतं." बोट 'शनिवारी'खालून पुढे सरकलं, 'बारा तारखेला'खालून सरकलं. "घारीने आजोबांचं ऐकावं," ती म्हणाली, तेव्हा बोट जाळीपाशी उभं राहण्याच्या ओळीवर आलं होतं. फ्रॉकच्या ओळीखालून ते सावकाश, नीट, बाईंनी मधल्या सुट्टीत शिकवलं होतं तसं डावीकडून उजवीकडे गेलं.

"सगळ्यांना नमस्कार," घारीने संपवलं आणि बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"शाब्बास म्हणा की तिला, बाई," आजोबा म्हणाले.

"शाब्बास," बाई म्हणाल्या.